जठराच्या कर्करोगात रक्तातील पीडी-एल१ मोजून उपचार ठरवता येतात का?

प्रश्न
रसायनशास्त्राची शिक्षिका, त्रिमूर्ती नगर, नागपूर

नमस्कार. माझ्या बाबांचे वय ६६ आहे. दिवाळीनंतर त्यांची भूक हळूहळू कमी होत गेली, दोन घास खाल्ले तरी पोट तुडुंब भरल्यासारखे वाटू लागले आणि तीन महिन्यांत वजन नऊ किलोंनी उतरले. आम्ही बराच काळ ते अ‍ॅसिडिटीवर ढकलले, याचे आता फार वाईट वाटते. अखेर एंडोस्कोपी झाली, जठराच्या खालच्या टोकाशी व्रण आढळला, बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींतून उगवणारा कर्करोग) निघाला आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतातही दोन गाठी दिसल्या. त्यामुळे शस्त्रक्रिया तूर्त बाजूला ठेवून केमोथेरपी सुरू करायचे ठरले आहे.

बायोप्सीच्या तुकड्यावर पुढच्या तपासण्याही झाल्या. हर-२ हे प्रथिन निगेटिव्ह आहे, एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) प्रथिने शाबूत आहेत आणि पीडी-एल१ या प्रथिनाचा सीपीएस, म्हणजे ते गाठीत किती दिसते याचा आकडा, ३ आला आहे. केमोसोबत इम्यूनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारे औषध) द्यायची की नाही, हा निर्णय या ३ च्या आकड्यापाशी येऊन थांबला आहे. आमच्या डॉक्टरांनी वेळ काढून समजावले की हा आकडा ५ किंवा त्याहून जास्त असता तर त्यांनी औषध आग्रहाने सुचवले असते, १ पेक्षा कमी असता तर नको म्हटले असते. मधल्या पट्ट्यात फायदा होऊ शकतो, पण तो लहान असतो आणि खर्च मात्र पूर्ण करावा लागतो.

अशात एका खासगी प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने माझ्या भावाला रक्ताच्या एका तपासणीची माहिती दिली. तीत पीडी-१, पीडी-एल१, सीटीएलए-४, टिम-३ आणि लॅग-३ ही 'इम्यून चेकपॉइंट' प्रथिने रक्तातूनच मोजतात. बायोप्सीचा तुकडा म्हणजे गाठीचा एक कण, रक्त मात्र सगळ्या शरीराची खबर देते, तेव्हा इम्यूनोथेरपी लागू पडेल की नाही हे रक्तावरूनच जास्त चांगले कळेल, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला हे पटते. बाबांना पुन्हा एंडोस्कोपीला न्यावे लागणार नाही, हा मोह तर आहेच. तपासणीची किंमत माझ्या अर्ध्या पगाराएवढी आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रथिन म्हणजे काय आणि ते मोजतात कसे, हे थोडेफार समजते. मला समजून घ्यायचे आहे ते असे की पेशीच्या पृष्ठभागावर बसणारे प्रथिन रक्तात सुटे कसे सापडते, तिथल्या आकड्याचा गाठीतल्या आकड्याशी काय संबंध असतो आणि त्यावरून बाबांच्या औषधाचा निर्णय घेणे योग्य ठरेल का. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १
निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, धंतोली

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुमच्याकडे वेळ थोडा आहे. रक्तातल्या या प्रथिनांच्या पातळीवरून जठराच्या कर्करोगात इम्यूनोथेरपी द्यायची की नाही, हे आज ठरवले जात नाही. ज्या मोठ्या चाचण्यांच्या आधारे ही औषधे जठरासाठी मान्य झाली, त्यांत रुग्णांची विभागणी गाठीच्या तुकड्यावरील पीडी-एल१ वरून केली गेली, रक्तावरून नव्हे. म्हणून तो अहवाल कितीही रंगीत आलेख घेऊन आला, तरी तुमच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग करता येणार नाही. आता कारणे सांगतो, कारण तुम्ही ती विचारली आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

आपल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शत्रूवर तुटून पडतात तेव्हा त्यांना वेळीच आवर घालणारी व्यवस्था शरीरात असावी लागते, नाहीतर त्या आपल्याच ऊतींचा नाश करतील. चेकपॉइंट प्रथिने म्हणजे हे ब्रेक. टी पेशीवर पीडी-१ असते, आणि समोरच्या पेशीवरचे पीडी-एल१ त्याला येऊन चिकटले की टी पेशी शांत होते. पीडी-१ चा शोध क्योटो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक दाबून न ठेवता सोडवला तर कर्करोगाशी लढता येते, हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी उंदरांवर दाखवले. दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कर्करोगाच्या पेशी अंगावर पीडी-एल१ मिरवून हाच ब्रेक वापरतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे पीडी-१ ला झाकून ती पकड सोडवतात.

आता सीपीएस. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही पीडी-एल१ चा रंग घेतलेल्या कर्करोगाच्या पेशी आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी अशा तिन्ही मोजतो, त्या बेरजेला कर्करोगाच्या जिवंत पेशींच्या एकूण संख्येने भागतो आणि शंभराने गुणतो. म्हणजे बाबांच्या तुकड्यात कर्करोगाच्या शंभर पेशींमागे अशा तीन पेशी रंगलेल्या दिसल्या. हा आकडा ठिसूळ आहे, हे मी चाळीस वर्षे काचपट्ट्या पाहून सांगतो. जठराची गाठ एकजिनसी नसते. एका कोपऱ्यात २ आणि बोटभर अंतरावर १० असे होऊ शकते. तुकडे कमी आणि लहान असतील तर चूक वाढते, म्हणूनच एंडोस्कोपी करताना सहा ते आठ तुकडे तरी घ्यावेत असा आग्रह धरतात. शिवाय एकच काचपट्टी दोन पॅथॉलॉजिस्टांनी पाहिली तर एकाला ३ आणि दुसऱ्याला ५ वाटणे अशक्य नाही. त्या प्रतिनिधीच्या बोलण्यातला एवढा भाग खरा आहे. पण बायोप्सीचा आकडा ठिसूळ आहे यावरून रक्ताचा आकडा भक्कम आहे असे सिद्ध होत नाही.

रक्तात हे प्रथिन येते तीन वाटांनी. पहिली वाट कातरण्याची. पेशीच्या पृष्ठभागावर एडॅम-१० आणि एडॅम-१७ नावाची विकरे असतात, ती पीडी-एल१ चा बाहेर डोकावणारा भाग कापून मोकळा करतात; टिम-३ आणि लॅग-३ यांचेही असेच होते. दुसरी वाट जनुकापासून प्रथिन तयार होतानाची. आरएनएची जोडणी वेगळ्या तऱ्हेने झाली की पेशीच्या आवरणात रुतून बसणारा तुकडाच गळतो आणि प्रथिन सुटेच बाहेर पडते. रक्तातले सीटीएलए-४ बरेचसे असे येते. तिसरी वाट एक्झोसोमची, म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्यांची. यांच्या आवरणावर पीडी-एल१ अखंड असते आणि ते टी पेशींना दुरूनही शांत करू शकते, हे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत २०१८ साली दाखवले गेले.

आता मुख्य अडचण. या तिन्ही वाटा फक्त गाठीतून निघत नाहीत. मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी, टी पेशी, प्लेटलेट, गरोदरपणी वार, हे सारेच पीडी-एल१ बाळगतात. इंटरफेरॉन गॅमा हे रोगप्रतिकारक पेशींचे संदेशवाहक प्रथिन वाढले की पीडी-एल१ अनेक पेशींवर उगवते. त्यामुळे न्यूमोनिया झाला, संधिवात बळावला, मूत्रपिंड मंदावले, तरी रक्तातली पातळी चढू शकते. अनेक अभ्यासांत रक्तातल्या पीडी-एल१ चा गाठीवरच्या पीडी-एल१ शी मेळ बसलेला नाही, आणि उगम पाहिला तर तो बसावा अशी अपेक्षाही धरता येत नाही. यकृतातल्या दोन गाठींमुळे रक्तातला आकडा किती वाढला आणि बाबांच्या हिरड्या सुजल्यामुळे किती, हे त्या नळीतल्या द्रवाला सांगता येत नाही.

आणि समजा, पातळी वाढलेलीच आहे. तिचा अर्थ काय लावणार? सुटे पीडी-एल१ टी पेशीच्या पीडी-१ ला चिकटून तिला थंड करू शकते, तेव्हा ते वाईट. सुटे पीडी-१ मात्र गाठीवरच्या पीडी-एल१ ला जाऊन झाकते, म्हणजे नकळत औषधाचेच काम करते. शिवाय पीडी-एल१ ला बांधणारे औषध दिले तर रक्तात फिरणारे सुटे तुकडे ते औषध वाटेतच अडवतात, असे फुप्फुसाच्या कर्करोगात दिसले आहे. जठराच्या कर्करोगात बहुतेक अभ्यासांनी रक्तातले वाढलेले पीडी-एल१ कमी आयुष्यमानाशी जोडले, पण निदान एका चिनी अभ्यासात त्याच्या नेमके उलट निघाले. ज्या सूचकाचा अर्थच एका दिशेने स्थिर झालेला नाही, त्यावर औषधाचा निर्णय टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या पैशांत आणि त्या आठवड्यात करण्यासारखे दुसरे काम सुचवतो. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेला तुकडा, तुम्हाला मागता येतो. तो व काचपट्ट्या मागून घ्या आणि कर्करोगाचे काम रोज करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून सीपीएस पुन्हा मोजून घ्या. ब्लॉकमध्ये कर्करोगाच्या शंभर तरी जिवंत पेशी होत्या का, हे विचारा. त्याहून कमी असतील तर ३ या आकड्याला अर्थ नाही. एमएमआरमध्ये एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चारही प्रथिने पाहिली आहेत ना, याची खात्री करा. आणि एप्स्टीन-बार विषाणूची तपासणी झाली नसेल तर ती त्याच ब्लॉकवर करवून घ्या. २०१४ साली २९५ गाठींच्या जनुकीय अभ्यासातून जठराच्या कर्करोगाचे चार प्रकार पुढे आले, त्यांत या विषाणूचा प्रकार सुमारे ९ टक्के होता आणि त्याच प्रकारात पीडी-एल१ चे जनुक वाढलेले आढळते. दक्षिण कोरियात ६१ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिले, तेव्हा विषाणू असलेल्या सहाही रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. नंतरच्या अनुभवात प्रमाण इतके राहिले नाही, तरी ३ च्या आकड्यापाशी अडलेल्या माणसासाठी ही माहिती रक्ताच्या त्या पॅनलपेक्षा कितीतरी मोलाची आहे.


उत्तर २
जीवरसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी, नागपूर

सरांनी अर्थ सांगितला, मी मोजणीविषयी लिहितो, कारण गेली दोन वर्षे मी याच प्रथिनांच्या एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याची पद्धत) प्लेटा लावत आहे.

ताई, तुम्ही रसायनशास्त्राच्या असल्यामुळे हे लगेच पटेल. एलायझामध्ये प्लेटच्या तळाशी एक प्रतिपिंड चिकटवलेले असते, ते नमुन्यातले प्रथिन पकडते. वरून दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे रंग येतो. रंगाची तीव्रता ४५० नॅनोमीटरला वाचून प्रमाणित वक्रावरून पातळी काढतात. यात सगळे अवलंबून असते ते प्रतिपिंड प्रथिनाचा कोणता भाग पकडते यावर. एक किट कापलेला तुकडाही पकडते, दुसरे फक्त विशिष्ट घडीचे प्रथिन पकडते, तिसरे एक्झोसोमवरचेही मोजते. त्यामुळे एकाच नमुन्याचा आकडा दोन कंपन्यांच्या किटवर कित्येक पटींनी वेगळा येतो. रक्तातील साखर नागपुरात मोजा नाहीतर पुण्यात, १२० म्हणजे १२०च. इथे तशी सर्वमान्य प्रमाणित मोजपट्टी अजून ठरलेली नाही. म्हणून अहवालावर छापलेल्या 'सामान्य मर्यादे'कडे पाहताना ती कोणत्या किटची आणि कोणत्या लोकांवर ठरवलेली, हे विचारलेच पाहिजे.

दुसरी बाब नमुन्याची. रक्त लाल झाकणाच्या नळीत घेऊन गोठू दिले की सीरम मिळते, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतले की प्लाझ्मा. गोठताना प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्याजवळचा ऐवज सीरममध्ये उतरतो, तेव्हा सीरमचे आणि प्लाझ्माचे आकडे एकमेकांच्या शेजारी ठेवता येत नाहीत. रक्त काढल्यापासून ते सेंट्रिफ्यूज होईपर्यंत किती वेळ गेला, नमुना किती वेळा गोठवला आणि वितळवला, सुईतून ओढताना लाल पेशी फुटल्या का, या प्रत्येकाचा परिणाम होतो. आमच्याकडे नियम असा आहे की रक्त काढल्यावर तासाभरात द्रव वेगळा करायचा, लहान लहान कुप्यांत भरायचा आणि उणे ८० अंशांवर ठेवायचा. प्रत्येक कुपी एकदाच वितळवायची.

आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. ४५ अंशांत एखाद्या संकलन केंद्रावर दुपारी घेतलेले रक्त डब्यात बसून मोटारसायकलवरून जाते, रात्रीच्या विमानाने दुसऱ्या शहरात पोचते आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर चढते. बर्फाच्या जेलच्या पिशव्या असतात, मान्य, पण न वेगळे केलेले रक्त बर्फावर ठेवले तरी पेशी आतल्या आत आपले काम करतच राहतात. मी स्वतः पहिल्या उन्हाळ्यात ३० नमुने टाकून दिले, कारण द्रव वेगळा व्हायला चार-चार तास गेले होते आणि आकड्यांवर माझाच विश्वास बसेना. मार्गदर्शक रागावले नाहीत, पण ज्या रुग्णांनी हात पुढे केला होता त्यांचे रक्त वाया गेले याची खंत अजून जात नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. तपासणी म्हणून आज विकली जाऊ नये, असे माझेही मत आहे. संशोधन म्हणून मात्र तिची फार गरज आहे. पहिला आकडा काय आहे यापेक्षा उपचाराच्या सहाव्या आठवड्यात तो कुठे सरकला, यात जास्त अर्थ सापडेल असे मला वाटते, कारण तिथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. हिरड्यांची सूज, संधिवात, मूत्रपिंड हे घोटाळे त्यात बऱ्याच अंशी वजा होतात. पण त्याला तेच किट, तीच नळी, तीच वेळ आणि शक्यतो सगळे नमुने एकाच प्लेटवर हवेत. आणि पीडी-एल१ ला बांधणारे औषध, जसे दुर्वालुमॅब किंवा अटेझोलिझुमॅब, चालू असेल तर मोजणीच बिघडते, कारण प्रथिन औषधाला चिकटून रक्तात साचते आणि किटचे प्रतिपिंड त्याला कधी पाहते, कधी पाहत नाही. पीडी-१ ला बांधणारे औषध असेल तर हीच अडचण सुट्या पीडी-१ च्या मोजणीत येते.


उत्तर ३
एका रुग्णाचा मुलगा, मानेवाडा

ताई, माझ्या आईला हाच आजार होता. आम्ही अशीच एक महागडी रक्ततपासणी करवून घेतली होती. अहवाल सतरा पानांचा आला. तो घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचला आणि शांतपणे एवढेच विचारले की यातला कोणता आकडा वेगळा आला असता तर आपण वेगळे औषध दिले असते. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या अहवालाची वाट पाहण्यात आमचे बारा दिवस गेले आणि तेवढ्यात आईचे खाणे आणखी कमी झाले. तुमच्या बाबांचे वजन नऊ किलोंनी उतरले आहे, म्हणून सांगतो, केमोच्या आधी आहारतज्ज्ञांना जरूर दाखवा. आईला जठराचे खालचे तोंड अरुंद झाल्यामुळे घट्ट अन्न उतरत नव्हते. पातळ, जास्त प्रथिनांचे अन्न दिवसातून सात-आठ वेळा द्यायला लागलो, तेव्हा केमोची पुढची दोन चक्रे तिला झेपली.


प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, दादा, सर्वांची फार आभारी आहे. ब्लॉक आणि काचपट्ट्यांसाठी आजच अर्ज दिला. एमएमआरच्या अहवालात चारही प्रथिनांची नावे आहेत, विषाणूची तपासणी मात्र झालेली नाही; ती करण्यास आमचे डॉक्टर लगेच तयार झाले. केमो येत्या मंगळवारी सुरू होईल, त्यासाठी कशाचीही वाट पाहणार नाही.

अजून दोन शंका आहेत. सीपीएस ५ च्या वर असलेल्यांनाही नेमका किती फायदा होतो, हे मला आकड्यांत समजून घ्यायचे आहे, कारण घरात सगळे 'औषध मिळाले असते तर बाबा बरे झाले असते' अशा मनःस्थितीत आहेत. दुसरे, काका आणि आम्ही भावंडे यांनी हीच रक्ततपासणी आजार लवकर ओळखण्यासाठी करून घ्यावी, असे भावाला वाटते. त्याची भीती मला समजते.


उत्तर ४
जनवैद्यकशास्त्राच्या शिक्षिका, नागपूर

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर कठोर वाटेल, पण घरच्यांना ते माहीत असलेले बरे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चेकमेट-६४९ या चाचणीत १,५८१ रुग्णांना केमोसोबत निवोलुमॅब किंवा नुसती केमो दिली गेली. सीपीएस ५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांत मध्यम आयुष्यमान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.१ महिन्यांवरून १४.४ महिने झाले. सगळे रुग्ण एकत्र धरले तर ते ११.६ वरून १३.८ झाले. पेम्ब्रोलिझुमॅबच्या कीनोट-८५९ या चाचणीत ११.५ चे १२.९ झाले. हे मध्यम आकडे आहेत; काही थोड्या रुग्णांत परिणाम वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यांच्यामुळेच हे औषध मोलाचे ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने बहुमताने असे मत दिले की पीडी-एल१ १ पेक्षा कमी असलेल्या जठराच्या रुग्णांत या औषधांचा लाभ जोखमीच्या मानाने पुरेसा नाही. बाबांचा ३ हा आकडा या दोन टोकांच्या मधला आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी तो जसा समजावला तसाच तो आहे. औषध न घेतल्यामुळे बाबा बरे होण्याचे राहिले, असा विचार कुणीही मनावर घेऊ नये.

याच आकड्यांतून रक्ताच्या तपासणीविषयी एक मुद्दा निघतो. आयुष्य किती हे सांगणारा सूचक वेगळा आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगणारा सूचक वेगळा. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असले किंवा न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर चढलेले असले, तर जठराच्या कर्करोगात पुढची वाट अवघड असते, हे पक्के माहीत आहे. पण म्हणून कुणी अल्ब्युमिन पाहून निवोलुमॅब लिहून देत नाही. चेकपॉइंट प्रथिनांच्या बहुतेक अभ्यासांनी आजवर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर हवे असेल तर औषध मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही गट हवेत, आणि पातळी जास्त असलेल्यांतच औषधाचा फरक पडतो हे दोन्हींची तुलना करून दाखवावे लागते. शिवाय पाच-सहाशे रुपयांत होणाऱ्या रक्ताच्या साध्या तपासण्यांहून नवा सूचक काही जास्त सांगतो का, हेही पाहावे लागते.

माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत एक चूक वारंवार दिसते, ती इथे मांडते, कारण वर लिहिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यालाही तिचा उपयोग होईल. साठ-सत्तर रुग्णांची पातळी मोजायची, मग असा उंबरठा शोधायचा की ज्याच्या दोन्ही बाजूंचे आयुष्यमान सर्वांत जास्त वेगळे दिसेल, आणि तोच उंबरठा शोध म्हणून छापायचा. असा उंबरठा त्या साठ जणांना बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखा असतो, दुसऱ्या गावच्या साठ जणांच्या अंगाला तो बसत नाही. पाच प्रथिने मोजली आणि प्रत्येकाचा उंबरठा असा शोधला, तर निव्वळ योगायोगानेही एखादे 'यशस्वी' निघण्याची शक्यता बरीच वाढते. उंबरठा आधी ठरवावा, नाहीतर वेगळ्या रुग्णगटावर तो तपासावा, आणि सोबत सीआरपी (दाहाची खूण), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची खूण) व संसर्गाची नोंद ठेवावी.

आता भावाची भीती. समजा, एखादी तपासणी इतकी चांगली आहे की १०० रुग्णांपैकी ८० जणांना ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी ८० जणांना निरोगी म्हणते. आणि समजा, एका वर्षी एक लाख लोकांत जठराचा कर्करोग १० जणांना आहे. तर ही तपासणी त्या दहांपैकी आठ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९९,९९० निरोग्यांतल्या १९,९९८ जणांनाही 'संशयित' ठरवेल. म्हणजे ज्याचा अहवाल वाईट आला अशा सुमारे अडीच हजार माणसांत खरा रुग्ण एक. बाकीच्यांना एंडोस्कोपी, खर्च आणि झोप उडालेल्या रात्री. कुटुंबात रुग्ण असल्यामुळे तुमचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त आहे हे खरे, पण हे गणित उलटण्याइतका तो जास्त नाही, आणि चेकपॉइंट प्रथिने तर सर्दी-पडशानेही हलतात.

तुम्हा भावंडांसाठी आणि काकांसाठी उपयोगाची तपासणी दुसरीच आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तो जठराच्या अस्तराच्या पेशींवर पीडी-एल१ देखील वाढवतो, म्हणजे तुम्ही ज्या प्रथिनाविषयी विचारता त्याची आणि या जिवाणूची गाठ आजार सुरू होण्याच्या कितीतरी आधी पडलेली असते. श्वासाच्या किंवा शौचाच्या साध्या तपासणीत तो कळतो, चौदा दिवसांच्या औषधांनी बहुधा जातो, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे त्यांच्यात तो घालवल्याने धोका कमी होतो. औषधांनंतर तो खरोखर गेला का, हे निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. आपल्याकडे हे नेमके राहून जाते. काकांचे वय जास्त असेल आणि पोटाची तक्रार असेल तर त्यांची एंडोस्कोपी एकदा करून घ्यावी. तंबाखू कुणाच्या खिशात असेल तर ती आजच काढून टाकायला लावा. आपल्या शहरात तोंडाच्या कर्करोगासाठी तिला दोष देतात, पण जठरालाही ती सोडत नाही.


उत्तर ५
निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, धंतोली

मॅडमच्या उत्तरात थोडी भर घालतो. ताई, उपचार सुरू होण्याच्या आधी एखाद्या संस्थेत संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला, तर बाबांची इच्छा असल्यास जरूर द्या. संमतीपत्रात नमुना कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार आणि तुम्हाला केव्हाही नाही म्हणता येईल, हे लिहिलेले असले पाहिजे. त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी संशोधनही म्हणतो आणि शुल्कही मागतो, तर तिथून उठून या.


उत्तर ६
जीवरसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी, नागपूर

मॅडम, उंबरठ्याविषयी आपण लिहिले ते वाचून मी काल रात्री माझा आराखडा पुन्हा काढून बसलो. माझ्याकडे ७२ रुग्ण आहेत आणि मी नेमका तोच घाट घातला होता. आता मध्यम पातळी हाच उंबरठा आधी लिहून ठेवतो आणि मार्गदर्शकांशी बोलून पुढचे ४० रुग्ण केवळ पडताळणीसाठी राखून ठेवतो. सीआरपी आमच्याकडे होतेच, क्रिएटिनिन जुन्या कागदांतून काढावे लागेल.


प्रश्नकर्तीचे उत्तर

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टांनी ब्लॉक पाहिला. पेशी पुरेशा होत्या, त्यांनी सीपीएस ४ सांगितला, आणि विषाणूची तपासणी निगेटिव्ह आली. आमच्या डॉक्टरांसोबत अर्धा तास बसून बाबांनी स्वतः ठरवले की सध्या केमो घ्यायची आणि तिसऱ्या चक्रानंतरचा सीटी स्कॅन पाहून पुढचा विचार करायचा. पहिले चक्र मंगळवारी पार पडले. मानेवाड्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पातळ अन्न दिवसातून सात वेळा देत आहोत, आणि या आठवड्यात वजन आणखी उतरलेले नाही. पॅनलचा विषय आम्ही सोडला. भाऊ, काका आणि मी शनिवारी श्वासाच्या तपासणीसाठी जात आहोत.